६४ जीबी रॅम, तरी पेज फाइल कशाला?

माझ्या डोक्यात एका छापखान्याचा संगणक घर करून बसलाय. ६४ जीबी रॅम, नवी एसएसडी, आणि मोठं काम उघडलं की मेमरी अपुरी असल्याचा संदेश देऊन प्रोग्रॅम बंद. ऑपरेटरने टास्क मॅनेजर पुढे केला. ‘‘सर, वीस जीबी मोकळी दिसतेय. मग कमी कशी पडते?’’

मोकळी होती, हे खरं. कुणाच्या तरी सल्ल्याने पेज फाइल बंद केली होती, हेही खरं.

रॅम भरली की उरलेलं डिस्कवर ओतायचं, त्यासाठी पेज फाइल; रॅम भरपूर असेल तर ती कशाला, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धा बरोबर असल्यामुळेच जात नाही. १९६२मध्ये मँचेस्टरच्या ‘अ‍ॅटलस’ संगणकात ही कल्पना प्रथम उतरली, तेव्हा मुख्य स्मृती १६ हजार शब्दांची होती आणि तिच्यामागे ९६ हजार शब्दांचा फिरता चुंबकीय ड्रम. तिथे प्रश्न टंचाईचाच होता.

विंडोजमध्ये मात्र हिशेब आश्वासनाचा असतो. प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा रॅम लगेच खर्च होत नाही, प्रत्यक्ष वापरताना होते. पण मागणी मान्य झाल्या क्षणी तेवढी रक्कम खात्यावर चढते. टास्क मॅनेजरमध्ये ‘कमिटेड’खाली दोन आकडे असतात, ते हेच: दिलेली आश्वासनं आणि त्यांची मर्यादा. मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेज फाइल. विंडोज हा असा केटरर आहे, की पाचशे ताटांची तयारी नसेल तर पाचशेची ऑर्डर घेतच नाही, मग जेवायला तीनशेच का येईनात. लिनक्स नेहमीच्या मांडणीत सढळपणे ऑर्डरी घेतो आणि खरोखरच सगळे आले तर एखाद्या प्रोग्रॅमला पंगतीतून उठवतो. छापखान्यातले प्रोग्रॅम मागत होते भरपूर, वापरत होते कमी. वीस जीबी मोकळी होती, पण शब्द दिलेली होती. पेज फाइल असती तर तिच्यात बहुधा फारसं काही लिहिलंही गेलं नसतं. नुसत्या असण्यानेच काम भागलं असतं.

आता ‘रॅमच्या दीडपट’ या नियमाबद्दल. हा नियम अजून छातीठोकपणे सांगितला जातो, आणि मला त्याचा राग येतो. रॅम जितकी जास्त, तितकी पेज फाइल मोठी, हे तर्कालाच धरून नाही; गरज ठरते ती आश्वासनांच्या कमाल बेरजेवरून. ६४ जीबीला ९६ जीबीची फाइल कशासाठी? दिवसभराचं सर्वांत जड काम चालू असताना ‘कमिटेड’चा आकडा पाहा, त्यातून रॅम वजा करा, थोडी सवड ठेवा. हे करायचं नसेल तर विंडोजवर सोडा, ती गरजेनुसार फाइल वाढवते. पण आकडा पाहायचा कंटाळा आणि यूट्यूबवरच्या दहा मिनिटांवर श्रद्धा!

पेज फाइल नसली म्हणजे डिस्कवरची ये-जा थांबते, असंही नाही. रॅमवर ताण आला की प्रोग्रॅमचा कोड खुशाल टाकून दिला जातो, कारण तो मूळ फाइलमधून पुन्हा वाचता येतो. सकाळपासून न पाहिलेल्या खिडकीतला डेटा मात्र हलत नाही. त्याला जायला जागाच नसते. पेज फाइलमुळे एसएसडी झिजेल ही भीतीही बहुतेकदा अवाजवी. मायक्रोसॉफ्टने २००९मध्ये विंडोज ७च्या वेळी सांगितलं होतं, की पेज फाइलमध्ये लिहिणं एकदा, तर वाचणं साधारण चाळीसदा.

‘‘आमच्याकडे चार वर्षं बंद आहे, काही बिघडलं नाही,’’ असं सांगणारे भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. काम ठरावीक, रॅम मुबलक, तर आश्वासनं मर्यादेपर्यंत पोहोचतच नाहीत. अशांना पटवायचा मी प्रयत्न सोडलाय. फक्त निळी स्क्रीन येते तेव्हा एक अडचण होते. कोसळताना विंडोज स्मृतीची नोंद साधारणपणे पेज फाइलमध्येच टाकते आणि पुढच्या वेळी सुरू होताना ती बाजूला काढून ठेवते. फाइल नाही म्हणजे नोंद नाही. मग मी रॅमची पट्टी बदलून बघतो, नाहीतर ड्रायव्हर, नाहीतर पॉवर सप्लाय, आणि बिलही अंदाजाचंच होतं.