तिसरा वार

एकाच मुद्द्यावर मी आप्पांशी गेली काही वर्षं भांडत आलो आणि परवाच्या रविवारी मनातल्या मनात हरलो. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मुद्दा व्हीएआरचा. म्हणजे बाहेर पडद्यासमोर बसून मैदानावरच्या पंचाचा निर्णय तपासणारा पंच. 2018 च्या फुटबॉल विश्वचषकात तो आला, 2019 पासून प्रीमियर लीगमध्ये, आणि मी फुकटात त्याचं वकीलपत्र घेतलं. कारण जुनं होतं. नोव्हेंबर 2009 मध्ये पॅरिसला थिएरी हेन्रीनं चेंडू चक्क हातानं थोपवून पुढं दिला, त्यावर गोल झाला आणि आयर्लंडचा विश्वचषक हुकला. हेन्री म्हणजे आम्हा आर्सेनलवाल्यांचा देव. तेव्हा तो बार्सिलोनात गेला होता, पण देव काय बदली झाली म्हणून बदलतो? त्या रात्री मला त्याची लाज वाटली. असं पुन्हा होऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

आप्पांचं म्हणणं उलटं. "1986 ला हे असतं तर मॅराडोनाचा हाताचा गोल गेला असता. मग चार मिनिटांनी त्यानं अर्धं मैदान कापून केलेला दुसरा गोल तरी झाला असता काय? पंच चुकतोय म्हणून तर मॅच घरापर्यंत येतीया." मी हसायचो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जन्म काढलेल्या माणसाला तंत्रज्ञान काय कळणार, असं मनात यायचं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण यायचं खरं.

शनिवारी साडेआठला आर्सेनलचा सामना. आठ वाजता गॅस संपला. सिलिंडर बदलून बसतो तोवर आत्या आल्या, त्यांना गुडघ्याच्या ऑपरेशनची सगळी हकीकत सांगायची होती आणि टीव्हीचा आवाज त्यांना सोसत नाही. मोबाईल काढला. मोबाईलवरचं चित्र टीव्हीच्या अर्धा-पाऊण मिनिट मागं चालतं, त्यामुळं ग्रुपवर मित्राचा 'गोऽऽल' आधी आला आणि मग मी आमच्या खेळाडूला चेंडूकडं धावताना बघितलं. उखाणा घ्यायच्या आधीच कुणीतरी नाव फोडावं तसं झालं.

तरी ओरडलो. आठ वर्षांची लेक गृहपाठ टाकून माझ्या पाठीवर चढली, आत्या दचकल्या, चहा सांडला. आणि मग पडद्यावर ती तीन इंग्रजी अक्षरं आली. लेकीनं जोडून वाचलं, "वार. पप्पा, हा कुठला वार?"

खाटेवरून आप्पा म्हणाले, "शनवार, रविवार आणि हा तिसरा."

तीन मिनिटं रेषा आखणं चाललं होतं. आमच्या माणसाच्या बुटाचं टोक पुढं होतं. निर्णय बरोबर होता, अगदी बरोबर. माझ्या वकिलीप्रमाणं मला समाधान वाटायला हवं होतं. 2024 च्या एप्रिलमध्ये एफए कपच्या उपांत्य सामन्यात कव्हेंट्रीनं मँचेस्टर युनायटेडची तीन गोलांची आघाडी फेडली, जादा वेळेच्या शेवटी चौथाही मारला आणि तो असाच रेषेनं पुसला गेला, तेव्हा "नियम म्हणजे नियम" असं मीच सुनावलं होतं. आता तोंडातून शब्द निघेना.

उत्तरार्धात आणखी एक गोल झाला. लेक जागची हलली नाही. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "आता ओरडायचं का थांबायचं?"

तो गोल टिकला. पण ओरडायचं राहूनच गेलं.

रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत पाऊण तास गेला. नळ्या माझ्या पुढच्याच माणसानं नेल्या. दुपारी आप्पा लेकीला घेऊन स्टेडियमला निघाले, तर मीही मागोमाग गेलो. कॉलेज सुटल्यापासून मी तिथं फारसा गेलो नव्हतो. पायऱ्या तापलेल्या, बुडाखाली पेपरची पानं, तोंडावर ऊन, हातात खाऱ्या दाण्यांचा पुडा. सामना आमच्या तालमीचा, समोर पलीकडची पेठ.

शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचा गोल झाला. त्यांचा पोरगा हातभर ऑफसाईड होता, मी पैजेवर सांगतो. लाईनमनचं निशाण खालीच. आमची अख्खी गॅलरी उठली. आप्पांनी वयाला न शोभणाऱ्या चार शिव्या घातल्या आणि पलीकडं एवढा जल्लोष चालला होता की त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

"आता टीव्हीवर बघून ठरवणार?" लेकीनं विचारलं.

"हितं न्हाई तसलं काय."

"मग तो गोल?"

"गोलच." आप्पा खाली बसले, दाणे सोलायला लागले. मैदानात खेळ कधीच सुरू झाला होता.

आम्ही हरलो. वाटेत आप्पा त्या गोलावर बोलले, रिक्षात मी बोललो, रिक्षावाला तिसरंच बोलला. घरी ताटावर लेकीनं मिठाची बरणी, लिंबू आणि दोन कांदे मांडून कोण कुठं उभं होतं ते दाखवलं. पांढरा रस्सा गार झाला. बायको म्हणाली, "अहो, जेवा आधी." कुणी ऐकेना.

शेवटी आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. तिनं कांदा एक बोटभर मागं सरकवला. "ऑफसाईड नव्हता," ती म्हणाली.

आई सामन्याला आलीच नव्हती. पण तिचं माहेर त्या पेठेतलं आहे.