ऑगस्ट ते मे

फँटसी प्रीमियर लीग या इंग्लिश फुटबॉलवरच्या खेळातला संघ ऑगस्टमध्ये जन्मतो आणि मे महिन्यात संपतो. 100 दशलक्ष पौंडांच्या काल्पनिक थैलीतून 15 खेळाडू घ्यायचे. एका क्लबमधले तिघांहून अधिक नाहीत. पैसा खोटा, पण ओढाताण महिनाअखेरच्या घरखर्चासारखी. एका बड्या नावावर हात सैल सोडला की बेंचवर मैदानाचे तोंडही न पाहणारा कुणी स्वस्तातला बसवावा लागतो.

2022-23 च्या हंगामात हे बडे नाव होते मँचेस्टर सिटीचा एर्लिंग हालंड, किंमत 11.5 दशलक्ष. इंग्लंडमध्ये नवखा म्हणून काहींनी त्याला टाळले. ऑगस्टअखेर क्रिस्टल पॅलेस आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध त्याने लागोपाठ हॅटट्रिक केल्या, आणि टाळणाऱ्यांचा धीर सुटला. 2 ऑक्टोबरला मँचेस्टर डर्बीत तीन गोल आणि दोन असिस्ट. आघाडीवीराच्या गोलाला 4 गुण, असिस्टला 3; म्हणजे एवढ्याचेच 18, आणि कर्णधाराचे गुण दुप्पट होत असल्याने 36.

खेळातली मेख इथेच आहे. बहुतेकांकडे हालंड होता, त्यामुळे त्याच्या गोलांनी क्रमवारीत कुणी फारसे वर चढत नव्हते. तो नसलेला मात्र खाली घसरत होता. वर चढवणारा खेळाडू वेगळाच असतो. इतरांनी दुर्लक्षिलेला एखादा बचावपटू कॉर्नरवर डोके लावून गोल करतो, 6 गुण देतो आणि त्याच शनिवारी, हमखास, मालकाच्या बेंचवर बसलेला असतो.

संघबदलाची मुदत पहिल्या सामन्याच्या 90 मिनिटे आधी संपते. भारतात ती बऱ्याचदा शनिवारी साडेतीनला, वामकुक्षीच्या ऐन वेळी येते. क्लबचे अकरा जण तेव्हा साधारण तासभर आधी जाहीर होत, म्हणजे मुदतीनंतर अर्ध्या तासाने. 29 ऑक्टोबरला सिटी-लेस्टर हाच दिवसाचा पहिला सामना होता. साडेतीनपर्यंत हालंडला कर्णधार ठेवलेल्यांना चार वाजता कळले की दुखापतीमुळे तो नाही. कर्णधार खेळला नाही तर दुप्पट गुण उपकर्णधाराला मिळतात. हे पद आठवडेच्या आठवडे शोभेचे असते. त्या दिवशी ते कुणाला दिले होते हे पुष्कळांना उघडून पाहावे लागले.

काही गोष्टी कुणाच्याच हाती नव्हत्या. 8 सप्टेंबरला राणी एलिझाबेथ यांचे निधन झाले आणि सातव्या आठवड्याचे सगळे सामने पुढे गेले. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कतारच्या विश्वचषकासाठी लीग थांबली. त्या सुट्टीत कितीही खेळाडू फुकट बदलता येत होते. एरवी आठवड्याला एकच बदल फुकट, पुढच्या प्रत्येकाला 4 गुणांचा भुर्दंड. रागाच्या भरात भरलेला हा भुर्दंड क्वचितच वसूल होतो.

वसंतात राहून गेलेले सामने एका आठवड्यात दोन-दोन कोंबले गेले. राखून ठेवलेले, अख्खा संघ फुकटात बदलू देणारे वाइल्डकार्ड, कर्णधाराचे गुण तिप्पट करणारे पान, सगळे तेव्हा बाहेर पडले. 20 मे रोजी सिटीचे विजेतेपद निश्चित झाले. हालंडने 36 गोलांवर हंगाम संपवला, लीगचा नवा विक्रम. 28 मे रोजी भारतीय वेळेनुसार रात्री नऊला दहाही सामने एकदम सुरू झाले आणि दोन तासांत 38 आठवड्यांचा हिशेब मिटला.

पुढच्या हंगामाची किंमतयादी आली तेव्हा हालंड 14 दशलक्षांचा झाला होता.