उतारशाळेचा हिशेब

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे जाताना खेड मागे पडले की थोड्याच वेळात लोटे येते. पुढे परशुराम घाट उतरला की चिपळूण. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात मी अकरा वर्षे नोकरी केली. घर वसईला आणि पोट लोट्याला, असा तो काळ होता. रात्रपाळी सुटली की कामगार महामार्गाच्या कडेने खोलीवर परतत. त्यांत कंत्राटदाराच्या हाताखालचे परप्रांतीय पुष्कळ.

2009 च्या मे महिन्यात अशाच एका पहाटे माझ्या शेजारच्या खोलीतील झारखंडच्या तरुणाला एका ट्रकने उडवले आणि ट्रक निघून गेला. आम्ही तिघांनी त्याला टेम्पोत घालून एका खाजगी रुग्णालयात नेले. अनामत रकमेची मागणी झाली. मी खिशातले दोन हजार रुपये भरले आणि म्हणालो, “बाकीचे मी बघतो.” दुसऱ्याच दिवशी पुतणीच्या लग्नासाठी वसईला निघून गेलो.

लग्नघरी ही हकीकत निघाली तेव्हा एका वडीलधाऱ्या नातलगाने मला ‘भला शोमरोनी’ म्हटले. ते ऐकून मी सुखावलो, हे कबूल केले पाहिजे. आठ दिवसांनी परतलो तो खाट रिकामी होती. पैसे संपले होते आणि कंत्राटदाराने हात वर केले होते. सोबत्यांनी वर्गणी काढून, पाय प्लास्टरमध्ये असतानाच, त्याला गावच्या गाडीत बसवून दिले होते. तो पुढे पायावर उभा राहिला की नाही, हे मला कधीच कळले नाही.

त्या रात्री मी संत लूकचे शुभवर्तमान उघडले. शोमरोन्याने जखमी वाटसरूला उतारशाळेत नेले आणि दोन नाणी दिली, एवढे आपल्या सर्वांच्या लक्षात असते. अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा भरीन, असे वचनही त्याने दिले होते, याचा मात्र विसर पडतो. मीही तेच वचन दिले होते. ते मी पाळले नाही.

मी दुष्ट नव्हतो, रजेवर होतो. माणसाची दया अशी अधूनमधून रजेवर जाते. म्हणूनच आजाऱ्याचा उपचार कोणा एकाच्या दयेवर सोडता येत नाही. वैद्यकीय सेवा हा माणसाचा हक्क आहे, हे पोप जॉन तेविसावे यांनी 1963 साली ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात नमूद केले. शोमरोन्यालाही जवळपास उतारशाळा असावी लागली, याकडे पोप फ्रान्सिस यांनी 2020 च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’मध्ये लक्ष वेधले. ती उतारशाळा बांधणे, हेच सार्वजनिक धोरणाचे काम.

महाराष्ट्रात 2012 साली सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बलांना सवलतीत द्याव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली घालून दिली. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. यावर ‘आमच्या करातून फुकटचे वाटप’ असा सूर आपल्याही घरांत निघतो. मला मात्र त्या योजनांत उणीव दिसते ती वेगळीच. फुले योजनेत शिधापत्रिका किंवा अधिवासाचा दाखला लागतो. झारखंडहून आलेल्या त्या पोराने तो कोठून आणला असता?

शिक्षणाच्या बाबतीत तर उतारशाळेचे चालक आपणच आहोत. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवण्यास सांगितले. 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्यातून वगळल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने सरकारी वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खाजगी शाळांनाही सूट देऊ केली. ती जुलैमध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. आपल्या सवलतीबाबतही सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सप्टेंबर 2025 मध्ये शंका व्यक्त केली आणि तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस केली.

घटनेच्या 30 व्या कलमाने दिलेला हक्क मला मोलाचा वाटतो. तो जपण्यासाठी न्यायालयात जावे लागले तर अवश्य जावे. परंतु ‘आम्हाला कायदा लागू नाही’ हे वाक्य गरिबाच्या मुलाला दारावर ऐकवण्यासाठी तो हक्क मिळालेला नाही. आपल्या धर्मग्रामातील शाळेने अशा मुलांसाठी किती जागा ठेवायच्या, हे स्वतःहून ठरवावे. मुख्याध्यापकांच्या मर्जीवर किंवा एखाद्या उदार देणगीदारावर ते सोडू नये. नियम करून नोंदवहीत लिहावे. जो खर्च येईल, तो आपण धर्मग्रामवासीयांनी वाटून घ्यावा.

देणगीदार रजेवर जातो, याचा अनुभव मी घेतलेला आहे. येत्या धर्मग्राम सभेत हा ठराव मी मांडणार आहे. त्या तरुणाचे माझ्याकडे राहिलेले देणे यातून फिटणार नाही, हे मला ठाऊक आहे.