कानातली शिट्टी

रात्री दीड वाजता उठून मी फ्रीजचा प्लग काढला. मग इन्व्हर्टर बंद केला. मग खिडकी लावली. तरी ती बारीक शिट्टी चालूच! तेव्हा ट्यूब पेटली, की आवाज घरात नाहीये, माझ्याच कानात आहे.

खरं तर ओळख जुनी. सहा वर्षं पुण्यात ढोल-ताशा पथकात वाजवतेय आणि एरवी दिवसभर हेडफोन लावून क्लायंटचे कॉल. विसर्जनानंतर कान दोन दिवस वाजायचे आणि गप्प व्हायचे. गेल्या वर्षी मात्र ते गप्प झालेच नाहीत. उलट दर आठवड्याला आवाज वाढतोय असं वाटायला लागलं. झोप उडाली. मीटिंगमध्ये मी टीमवर खेकसायला लागले. आई म्हणाली, "अगं, कोमट तेल घाल." तेल न घालता गुपचूप ईएनटीकडे गेले.

ऑडिओग्राममध्ये चार हजार हर्ट्झपाशी चक्क खड्डा! मोठ्या आवाजाने कान दुखावल्याची ही नेहमीची खूण. आतल्या कानातल्या केसांसारख्या नाजूक पेशी एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत. तिथून सिग्नल कमी आले की मेंदू स्वतःचा व्हॉल्यूम वाढवतो आणि त्यातून ही शिट्टी ऐकू येते, असं मानलं जातं. याचं नाव टिनिटस, आपल्याकडे कर्णनाद.

"पण वाढतोय का?" मी रडवेली. डॉक्टरांनी उलट विचारलं, "झोप किती? आणि कानात बोळे कधी घालता?" झोप चार तास. बोळे घरीसुद्धा, दिवसभर. तिथेच चुकत होतं! शांतता जितकी जास्त, तितकी शिट्टी ठळक. १९५३ मध्ये अमेरिकेत चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना साउंडप्रूफ खोलीत बसवलं, तर बहुतेकांना काही ना काही आवाज ऐकू आले. आणि मी तर घराचीच तशी खोली करून, कान टवकारून बसले होते.

याच्यावर हमखास गोळी नाही. सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो सीबीटी या समुपदेशनाच्या पद्धतीचा. त्याने आवाज जात नाही, त्याची धास्ती जाते. सोबत माझे नियम: रात्री पंखा किंवा पावसाचा मंद आवाज, झोपेची ठरलेली वेळ आणि 'आज किती वाजतोय' हे तपासणं बंद. बोळे फक्त गोंगाटात. हिशेब सोपा आहे: ८५ डेसिबल आठ तास चालतं, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. आमची मिरवणूक पाच तासांची!

तुमचाही कान वाजत असेल तर एकदा तपासून घ्याच. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यावर येत असेल किंवा चक्कर येत असेल, तर टाळाटाळ नको. अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ढोल सोडताना मात्र रडले. आता पथकात ध्वज नाचवते, कानात प्लग घालून. शिट्टी आत्ताही आहे, हे लिहितानासुद्धा. पण फ्रीजचा प्लग जागेवर आहे आणि काल मी सात तास झोपले.