लॉवेलचे साचे

बाबा इकडे आले होते तेव्हाची गोष्ट. 2011 चा उन्हाळा. बोस्टन दाखवून झालं, हार्वर्ड दाखवून झालं आणि तिसऱ्या दिवशी बाबा चक्क कंटाळले. म्हटलं, चला, पाऊण तासावर लॉवेल आहे, जुन्या कापडगिरण्यांचं गाव. बाबा नुसतं "बरं" म्हणाले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, त्यानंतर आमच्या घरात गिरणीचा विषय फारसा निघत नसे.

फ्रान्सिस कॅबट लॉवेल नावाचा बोस्टनचा व्यापारी 1810 च्या सुमारास इंग्लंडला गेला आणि तिथले यंत्रमाग नुसते बघून, डोक्यात साठवून परत आला. आराखडे देशाबाहेर न्यायला बंदी होती ना! (आपण ह्याला चोरी म्हणू. इथे त्याच्या नावाचं अख्खं गाव आहे.) मेरिमॅक नदी इथे 32 फूट खाली उतरते. त्या पाण्यावर गिरण्या चालायच्या आणि गिरण्यांत काम करायच्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली. त्या राहायच्या कंपनीच्या खाणावळीत, आणि ती चालवायची बहुतेकदा एखादी विधवा बाई. हे ऐकल्यावर बाबा पहिल्यांदा बोलले, "म्हणजे आपल्या लालबागसारखंच."

1834 साली पगारकपात झाली म्हणून ह्या मुलींनी संप केला होता. मी पाटी वाचून दाखवली.

"मिळालं काय?"

"नाही."

बाबा पुढच्या पाटीकडे गेले.

तिथे कापसाची गोष्ट होती. हा सगळा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला. 1861 ला यादवी युद्ध पेटलं, कापूस अडला आणि लॉवेलच्या कितीतरी गिरण्या बंद पडल्या. त्याच वर्षांत आपल्या मुंबईत कापसाच्या भावावर पैशांचा पाऊस पडत होता. 1865 ला युद्ध संपलं आणि मुंबईचे शेअर कोसळले. शाळेत हे दोन वेगवेगळ्या धड्यांत शिकले होते मी!

मग बूट गिरणीचं साचाखातं. लांबच लांब दालनात रांगेने माग, त्यातले काही चालू. दारातच कानात घालायला बोळे देतात. बाबांनी ते खिशात टाकले. आत शिरल्यावर पायाखालची जमीन थरथरते, आवाज छातीत बसतो. मी कान दाबून उभी. बाबा मात्र एका मागापाशी वाकून धोट्याची ये-जा बघत होते. मग माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले. अजिबात न ओरडता, नुसते ओठ मोठेमोठे हलवून. आणि मला सगळं समजलं. "हा आपणहून कांडी बदलतो. आमच्यात आम्ही बदलायचो."

बाबा घरीही असेच बोलायचे, ओठ ताणून आणि वर मोठ्या आवाजात. कॉलेजच्या मैत्रिणी आल्या की मी त्यांना खुणेने "हळू" सांगायचे. ते लगेच गप्प व्हायचे.

खाली दुकानात त्याच मागांवर विणलेले टॉवेल होते. बाबांनी एक उलटापालटा केला, नख लावून वीण पाहिली, किंमत रुपयांत करून घेतली आणि तरीही घेतला, आईसाठी.

रात्री आईला फोन लावून त्यांनी एकेका मागाचं वर्णन केलं, अर्धा तास, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात. लेक झोपली होती. मी तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं.