146 पैकी 145

बायोइन्फर्मॅटिक्सच्या नव्या विद्यार्थ्यांना मी सुरुवातीला हिमोग्लोबिनच देते. रक्ततपासणीच्या कागदावर तरी ते प्रत्येकानं पाहिलेलं असतं. त्याच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात आणि दर आम्लासाठी एक रोमन अक्षर लिहितात: व्ही, एच, एल, टी, पी, ई, ई, के... ही एकाक्षरी पद्धत मार्गारेट डेहॉफ यांची. 1965 साली त्यांनी सहकाऱ्यांसह 65 प्रथिनांचे सीक्वेन्स एका पुस्तकात एकत्र केले. आमच्या शास्त्राची सुरुवात मी त्या पुस्तकापासून धरते, कारण एकटा सीक्वेन्स काहीच सांगत नाही. दुसऱ्याशेजारी मांडला की बोलू लागतो.

आज हे काम ब्लास्ट करतो. 1990 साली आलेला हा प्रोग्रॅम कोणालाही मोफत वापरता येतो. आपला सीक्वेन्स डेटाबेसातल्या प्रत्येक नोंदीशी अथपासून इतिपर्यंत ताडून पाहायला फार वेळ लागतो. म्हणून ब्लास्ट आधी त्याचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करतो, त्यांच्याशी जुळणाऱ्या जागा डेटाबेसात हेरतो आणि तिथून दोन्ही बाजूंना साम्य किती लांब जातं ते पाहतो. गुणांचा तक्ता ठरलेला असतो. नेहमीच्या ब्लोसम-62 मध्ये ट्रिप्टोफॅनसमोर ट्रिप्टोफॅन आलं तर 11 गुण, ल्युसिनसमोर ल्युसिन आलं तर 4, आणि ल्युसिनच्या जागी त्याच्याच स्वभावाचं आयसोल्युसिन आलं तरी 2. उत्क्रांतीत कोणत्या आम्लाची जागा कोणतं आम्ल किती वेळा घेतं, हे मोजून हे आकडे काढले आहेत.

निकाल आला की मुलं आधी जुळणीचे टक्के बघतात. मी त्यांना ई-व्हॅल्यू बघायला लावते. एवढ्या मोठ्या डेटाबेसात इतकं साम्य निव्वळ योगायोगानं किती वेळा दिसेल, याचा तो अंदाज असतो. बीटा साखळी आणि स्नायूंमधलं मायोग्लोबिन यांची जेमतेम एक चतुर्थांश अक्षरं जुळतात, तरी हा योगायोग नाही हे ई-व्हॅल्यूवरून कळतं. केंड्र्यू आणि पेरुट्झ यांनी क्ष-किरणांनी मायोग्लोबिन आणि हिमोग्लोबिनची रचना उलगडली, त्याबद्दल 1962 चं नोबेल मिळवलं, आणि दोन्हींची घडी सारखीच निघाली. भुईमुगाचं रोप उपटून मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी दिसतं ते लेगहिमोग्लोबिन, आपल्या हिमोग्लोबिनचं दूरचं नातलग. साध्या ब्लास्टमध्ये हे नातं सहज निसटतं, इतकी अक्षरं बदललेली आहेत. घडी मात्र तीच राहिली आहे.

सीक्वेन्सवरून प्रथिनाच्या घडीचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रोग्रॅमचं बळही याच नात्यांत आहे. एका प्रथिनाचे शेकडो नातलग एकाखाली एक मांडले, की काही जागा जोडीनं बदलताना दिसतात. अशा जागा घडीत बहुधा एकमेकींजवळ असतात. प्रथिनांची रचना ओळखण्याच्या 2020 च्या कॅस्प स्पर्धेत या पद्धतीनं सगळ्यांना मागे टाकलं, 2022 पर्यंत 20 कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजी रचना खुल्या झाल्या, आणि 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यासाठी हसाबिस आणि जंपर यांना मिळाला. मला या कामाचं मनापासून कौतुक आहे. पण त्याच्याकडून काय मागायचं, हे कळलं पाहिजे.

त्यासाठी पुन्हा बीटा साखळीकडे. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की सिकलसेल या आजाराचं हिमोग्लोबिन तयार होतं. (डेटाबेसात हीच जागा सातवी असते, कारण तिथे सुरुवातीचं, पुढे गळून जाणारं मेथिओनिनही मोजतात. विद्यार्थी इथे हमखास अडखळतात.) हा सीक्वेन्स ब्लास्टला दिला तर निकाल येतो 146 पैकी 145. जिथे 5 गुण मिळाले असते तिथे उणे 2 मिळतात, म्हणजे शेकडो गुणांत फक्त 7 चा फरक. अल्फाफोल्डही जवळजवळ तीच घडी दाखवतो, आणि ते बरोबरच आहे. घडी बिघडतच नाही. व्हॅलिन प्रथिनाच्या पृष्ठभागावर असतं. ऑक्सिजन सुटला की ते शेजारच्या हिमोग्लोबिनवरच्या, पाणी टाळणाऱ्या खाचेत जाऊन बसतं, रेणूला रेणू चिकटत लांब तंतू होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. साम्याचा आकडा नातं सांगतो. आजार समजायचा तर ते अक्षर नेमकं कुठे आहे आणि त्याच्या शेजारी कोण येतं, हे पाहावं लागतं.

उपचारापाशी पुन्हा सीक्वेन्सचा शोधच लागतो. काहींच्या रक्तात मोठेपणीही गर्भातलं हिमोग्लोबिन बरंच टिकतं आणि त्यांना सिकलसेलचा त्रास कमी होतो. अनेकांचे जीनोम ताडून पाहताना यामागे गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणाऱ्या बीसीएल11ए या जनुकाचा हात दिसला. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली कॅस्जेव्ही ही क्रिस्पर-चिकित्सा रक्तपेशी बनवणाऱ्या मूळपेशींमधला याच जनुकाचा स्विच कापते. कुठे कापायचं हे डीएनएच्या 20 अक्षरांशी जुळणारा गाइड ठरवतो. मग तशीच 20 अक्षरं जीनोममध्ये आणखी कुठे आहेत का, हे शोधावंच लागतं.

आणि शोधायचं कुणाच्या जीनोममध्ये? 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच गाइडसाठी भलत्या ठिकाणी कापाची जागा सापडली. प्रमाण म्हणून वापरल्या जाणाऱ्या जीनोममध्ये ती नव्हती. मुख्यतः आफ्रिकन वंशाच्या काही लोकांमध्ये आढळणाऱ्या एका अक्षराच्या बदलामुळे ती तयार झाली होती, आणि प्रयोगशाळेत अशा पेशींमध्ये तिथे काप गेल्याचंही दिसलं.

सिकलसेल आपल्याकडे नंदुरबारात आहे, गडचिरोलीत आहे. जानेवारी 2025 मध्ये जीनोमइंडिया प्रकल्पातल्या 10 हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती संशोधकांसाठी खुली झाली. त्यात भिल्ल, पावरा, गोंड, माडिया या तिथल्या आदिवासी समाजांपैकी किती जण आहेत, हे आधी मोजायला हवं. जे कमी पडतील त्यांचे जीनोम, त्यांच्या संमतीनं, जोडायला हवेत, आणि तेही अशी चिकित्सा त्यांच्या तालुक्याच्या वाटेला लागण्याआधी.