तहकूब

ग्रामपंचायतीत रुजू होऊन अकरा दिवस झाले होते आणि मला ग्रामसभा घ्यायची होती. गणपूर्तीचा नियम तोंडपाठ: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जे कमी असेल ते. ही माणसं आणायची कुठून, ते मात्र परीक्षेच्या पुस्तकात नव्हतं.

फलकावर नोटीस डकवली, दवंडी दिली. विषय नळपाण्याचा. जल जीवन मिशनमधून माणशी रोज 55 लिटर पाणी घरात येणार म्हटल्यावर गाव लोटेल, अशी माझी समजूत. सकाळी अकराला मारुतीच्या मंदिरात एकवीस डोकी. बायका तीन, त्यांतल्या दोघी पंचायत सदस्य. शेवटी सभा तहकूब केली. ‘काळजी नको भाऊसाहेब,’ शिपाई म्हणाला, ‘तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.’ हा नियम अख्ख्या गावाला ठाऊक होता.

पाणी भरतात बायका, मग त्याच का आल्या नाहीत? अंगणवाडीच्या ताईंना विचारलं. त्यांनी आधी मला नीट न्याहाळलं. ‘अकराला त्या खुरपायला रानात असतात. हजेरी बुडवून तुमची सभा ऐकायची? आणि सभा घेता देवळात. अडचण असलेली बाई वर कशी चढेल?’ माझे कान तापले.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, एवढं मला माहीत होतं. कपाटातून मागचं इतिवृत्त काढलं. महिला सभा झाली होती, सर्व विषय सर्वानुमते मंजूर. पन्नासेक सह्या, पण सगळ्यांचं वळण एकच.

तहकूब सभा शाळेच्या पटांगणात ठेवली. मी संध्याकाळी सात म्हणालो. ताईंनी साडेआठ केले, चुली आवरल्यावर. महिला सभा आदल्या रात्री, तिथंच. दोन्ही रात्री मोजायला बसलो आणि शंभराच्या पुढे आकडा चुकला.

ग्रामसभेला तीनचाकी सायकलवरून एक काका आले. देवळाच्या पायऱ्यांमुळे आजवर कधी आलेच नव्हते. बसल्या बसल्या म्हणाले, ‘पंचायतीच्या स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी असतात. आमचे कुठं खर्च झाले?’ विषयपत्रिकेत हे नव्हतं. तो आकडा मी परीक्षेत बरोबर लिहिला होता, पण कुणी तोंडावर विचारील असं मनातही आलं नव्हतं. माझ्या हातात हिशोब नव्हता. पुढच्या सभेत वाचून दाखवतो म्हणालो. ते ‘बरं’ म्हणाले, पण सायकल पुढच्याच रांगेत आणून लावली.

अभियंत्यांनी टेबलावर आराखडा पसरला. सगळी अक्षरं इंग्रजी. दोन मिनिटांत बायकांची कुजबुज सुरू. मग ताईंनी रांगोळीचा डबा आणला आणि जमिनीवर गाव काढलं: टाकी, ओढा, शाळा, नळाची ओळ. आता सगळे उठून भोवती उभे राहिले. एक म्हातारी वाकली आणि काठीने ओळीचं टोक दाखवत म्हणाली, ‘हितं का थांबलाय पाइप? ओढ्यापल्याड आमी न्हाई का?’

अभियंते म्हणाले, तिकडे दाब पुरत नाही. ती म्हणाली, मग टाकी उंचावर घ्या. वाद अकरापर्यंत चालला आणि मिटला नाही.

रात्री इतिवृत्त लिहायला बसलो. ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते’ हे शब्द हाताला आपोआप यायला लागले होते. खोडले. म्हातारीचं वाक्य कार्यालयीन मराठीत कसं लिहायचं ते सुचेना, म्हणून ती बोलली तसंच लिहिलं.

विस्तार अधिकाऱ्यांनी त्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली: ‘भाषा सुधारावी.’